चेअरमनसाहेबांचा फोन कोण तोडतंय?

आप्पासाहेब निमसे यांचं पत्र येऊन दोन पावसाळे झाले. त्यांतला पहिला पावसाळा आलाच नाही, पण पत्र मात्र आलं. पत्ता चुकल्यामुळे ते आधी पारनेरला जाऊन आलं होतं. पाकिटाच्या पाठीवर लाल शाईत 'गुप्त' असं लिहिलेलं होतं, आणि बहुधा त्यामुळेच ते वाटेत कुणीकुणी उघडून पाहिलेलं दिसत होतं.

पत्र असं होतं :

"रा. रा. रंगनाथराव जोर्वेकर यांस, कर्जतहून आप्पासाहेब निमसे, निवृत्त टाइमकीपर व कार्यरत गुप्तहेर, यांचा नमस्कार. मी स्वतःबद्दल बोलायचं टाळतो हे आपण जाणताच. परंतु निसर्गाने मला घारीची नजर, सशाचे कान आणि न्यायाधीशाचं डोकं दिलं, त्याला माझा इलाज नाही. माझ्याइतका गुप्त राहणारा माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात दुसरा नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लोकाग्रहास्तव मी माझ्या तपासांचं पुस्तक लिहायला घेतलं आहे. पैकी टेलिफोन प्रकरणाचा शेवट नेमका स्मरत नाही, कारण त्या क्षणी माझी बुद्धी पुढच्या प्रकरणात गुंतली होती. तरी मी तारेचा छडा कसा लावला, ते उलट टपाली सविस्तर कळवावं. आपण त्या वेळी माझे साहाय्यक होता, याचाही उल्लेख मी करणार आहे. जागा उरल्यास."

या पत्राला मी उत्तर दिलं नाही. द्यायचं नव्हतं असं नाही. रोज सकाळी मी कार्ड पुढे घेई, 'आदरणीय आप्पासाहेब' इतकं लिही, आणि पुढे काय लिहावं ते सुचेना म्हणून पुस्तक वाचत बसे. खरं लिहावं तर त्यांना लागणार. खोटं लिहावं तर तेही मला नीट जमेल याची खात्री नव्हती. आता मात्र उत्तर देण्यावाचून गत्यंतर उरलेलं नाही. का, ते समजायला आधी प्रकरण समजायला हवं.

नगर जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही. त्यांतला आमचा कोणता, ते सांगत नाही. मी तिथे कामगार वाचनालय सांभाळत असे. वाचनालय म्हणजे दोन कपाटं, एक टेबल आणि मी. मला तिथे फारसं कुणी विचारायला येत नसे, आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटे. आप्पासाहेब मात्र रोज येत. कपाटातल्या यच्चयावत रहस्यकथा त्यांनी वाचल्या होत्या, फक्त शेवटची पानं सोडून. "शेवट मला आधीच कळतो," असं ते म्हणत. त्यांच्या नावावर तोवर एकच यशस्वी तपास होता. त्यांची स्वतःची हरवलेली सायकल त्यांनी तीन संशयितांच्या जबान्या घेऊन शोधून काढली होती. ती त्यांनी जिथे लावली होती तिथेच होती.

बांगलादेशचं युद्ध संपून महिना-दीड महिना झाला होता. गळीत हंगाम जोरात होता. आणि कारखान्याच्या टेलिफोनला एक चमत्कारिक रोग जडला होता. जनरल मॅनेजर उत्तमरावसाहेबांना चेअरमनसाहेबांचा मुंबईहून फोन आला, की तो बोलता बोलता तुटे. पुण्याहून साखर खात्याच्या बड्या अधिकाऱ्यांचा आला, तरी तुटे. पोत्यांच्या व्यापाऱ्याचा फोन आला तर तो तुटत नसे. साहेबांच्या घरून आलेला तर तोडू म्हटलं तरी तुटत नसे. नगरहून मेकॅनिक दोनदा येऊन गेला. साहेबांच्या खुर्चीत ऐसपैस बसून, पाय पसरून तो एक्स्चेंजशी बराच वेळ गप्पा मारी, आणि "लाइन खणखणीत आहे," असा शेरा देऊन चहा पिऊन जाई.

लाइन खणखणीत म्हटल्यावर दोष माणसाचा. माणूस म्हणजे केशर साळवे, आमची ऑपरेटर. मॅट्रिक झालेली, तिशीच्या आतली, सगळ्या ऑफिसात नोकरी करणारी एकटी बाई. तिच्या पगारावर तिची आई आणि संगमनेरच्या कॉलेजात शिकणारा धाकटा भाऊ जगत होते. चेअरमनसाहेबांनी मुंबईहून निरोप धाडला होता : "सोमवारी मी कारखान्यावर आहे. सकाळी मंत्रीसाहेबांचा फोन येणार आहे. तो तुटला, तर त्या पोरीला त्याच दिवशी घरी पाठवा." तिच्या जागेवर कोण यायचं हेही ठरलं होतं. चेअरमनसाहेबांच्या मेहुण्यांचे चिरंजीव मॅट्रिकला बसून बसून दमले होते.

"जोर्वेकर," आप्पासाहेब वाचनालयाचं दार लावून घेत म्हणाले, "हे प्रकरण माझ्याकडे आलं आहे."

"कुणी दिलं?"

"अशी प्रकरणं कुणी देत नसतं. ती येतात. तुम्ही माझे साहाय्यक. वही घ्या."

मला नाही म्हणता येत नाही. ही माझी जुनी अडचण आहे. वही घेतली.

पहिली साक्ष केशरची. टेलिफोनची खोली जिन्याखाली होती. समोर उभा बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, खाली पिना लावलेल्या दोऱ्या. केशर कानाला यंत्र लावून बसलेली.

"नाव?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"आप्पासाहेब, रोज हजेरीला तुम्हीच लिहिता की माझं नाव."

"इथे मी टाइमकीपर नाही. नाव?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"काका, तुम्हीच ऐका," ती मला म्हणाली. "साहेबांनी रिसीव्हर उचलला, की बोर्डावरची ही चकती मिटते. ठेवला, की उघडते. चकती उघडली म्हणजे बोलणं संपलं, दोरी काढायची. हा नियम. चेअरमनसाहेबांचा फोन असला, की मधेच चकती उघडते. म्हणजे फोन इकडून साहेबांनीच ठेवला. होय की नाही?"

"हे तुम्ही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं ना. मेमो मिळाला. जनरल मॅनेजर चेअरमनच्या तोंडावर फोन आपटतात, असा बेअदबीचा आरोप केल्याबद्दल. मग मी दोरी काढायची थांबले. चकती उघडली तरी वाट बघायची, आणि हळूच विचारायचं, 'बोलणं चालू आहे का?' तर चेअरमनसाहेब ओरडले, मधे कोण बोलतंय, चोरून ऐकते काय! त्याचा दुसरा मेमो. एक तोडल्याचा, एक न तोडल्याचा."

आता या बाबतीत मला थोडं ठाऊक होतं. बोर्डाबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक कुठे ठेवावं ते न कळल्यामुळे वाचनालयात पाठवलं होतं, आणि मी ते दोनदा वाचलं होतं. मधेच तुटलेल्या फोनवर त्यात एक अख्खं प्रकरण होतं. मी चाचरत म्हणालो, "पुस्तकात म्हटलंय, की अशा वेळी दोरी न काढता शांतपणे विचारावं, दिलगिरी व्यक्त करावी, आणि पुन्हा जोडून द्यावं. म्हणजे तुम्ही केलंत ते बरोबरच, असं पुस्तकाचं मत दिसतं. माझं निश्चित असं काही नाही."

"काका, त्या पुस्तकात चेअरमन आहेत का?"

"नाहीत."

"मग ते पुस्तक आपल्या कारखान्याचं नाही."

बाहेर आल्यावर आप्पासाहेब दबक्या आवाजात म्हणाले, "पाहिलंत? एकदाही रडली नाही. निर्दोष बाई रडते."

"रडली असती तर?"

"तर पकडली गेल्याचं रडणं असतं. लिहा, संशयित एक."

दुसरी साक्ष बन्सीची. बन्सी उत्तमरावसाहेबांचा शिपाई.

"फोन तुटतो तेव्हा तू कुठे असतोस?"

"खोलीतच की. दाराशी."

"काय करत असतोस?"

"उभा असतो."

"साहेब काय करत असतात?"

"ते बी उभेच."

"आणि चेअरमनसाहेब?"

"ते न्हाई दिसत. ते फोनात असत्यात."

आप्पासाहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. "पुरे. याला काही माहीत नाही."

मी ते सगळं वहीत उतरवलं होतं. बऱ्याच दिवसांनी वही उघडली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की प्रकरणाचा उलगडा त्या पानावर शाईने लिहिलेला होता. पण त्या वेळी मला वाटलं, आप्पासाहेब म्हणतात म्हणजे तसंच असेल.

त्या दिवशी संध्याकाळी पहिला सिद्धान्त जन्माला आला. शत्रूचा हेर. कारखान्याच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर एक परका इसम रोज ट्रान्झिस्टर घेऊन बसत होता. काळी बॅग, डोळ्यांवर गॉगल, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी : पगार किती, घरी माणसं किती, तब्येत कशी.

"साखरेचा साठा, कामगारांची संख्या, त्यांचं आरोग्य," आप्पासाहेब म्हणाले. "लढाई हरल्यावर शत्रू असाच सूड घेतो."

"फोन तोडून?"

"सुरुवात फोनपासून होते."

आम्ही त्याच्यावर पाळत ठेवली. पाळत म्हणजे शेजारच्या बाकावर बसून एकच वर्तमानपत्र दोघांनी तोंडापुढे धरायचं. थोड्या वेळाने आप्पासाहेब उठून त्याच्याजवळ गेले. "मी याला बोलतं करतो, तुम्ही इथेच थांबा." मी थांबलो. ते दोघं बराच वेळ बोलत होते. मधे एकदा आप्पासाहेबांनी खिशातून चष्मा काढला, मग पेन काढलं, मग कुठेतरी सही केली. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता.

"तो हेर नाही," ते म्हणाले. "विमा एजंट आहे."

"बोलता झाला म्हणायचा."

"फार. आणि जोर्वेकर, माणसाच्या आयुष्याचा काही भरवसा नसतो, हे तुमच्या कधी लक्षात आलंय?"

दुसरा सिद्धान्त राजकीय होता. मागच्या निवडणुकीत पडलेल्या पॅनेलचे भिमाजी कारखान्याला लागूनच राहत. त्यांची म्हैस आमच्या टेलिफोनच्या खांबाला अंग घासते, असं आप्पासाहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"खांब हलतो, तार हलते, फोन तुटतो," ते म्हणाले. "आणि म्हैस कुणाची? भिमाजीची."

"पण तिला व्यापाऱ्याचा फोन कोणता आणि चेअरमनचा कोणता, ते कसं कळतं?" मी भीत भीत विचारलं.

"तिला कळायची गरज काय? मालकाला कळतं."

भिमाजी अंगणात कडबा तोडत बसले होते. आप्पासाहेबांनी त्यांना सरळच विचारलं, ही म्हैस तुमच्या पॅनेलची का?

"व्हय की," भिमाजी म्हणाले. "एवढीच उरलीया. बाकी समदे चेअरमनकडं गेले."

आम्ही म्हैस लांब बांधून घेतली. दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांचा फोन आला, आणि तुटला. म्हैस त्या वेळी ओढ्याला पाण्यात बसलेली होती. भिमाजींनी माणूस पाठवून तसं मुद्दाम कळवलं.

आता शनिवार आला. केशरने जेवणाचा डबाही उघडला नव्हता. मी जिन्याखालून जाता जाता थांबलो, काहीतरी धीराचं बोलावं म्हणून. पण धीराचं असं काही मला आयत्या वेळी सुचत नाही.

"काका, भावाची परीक्षा मार्चात आहे," ती म्हणाली. "तेवढं होऊ द्यायला हवं होतं यांनी."

मी मान हलवली. वर वाचनालयात येऊन ते इंग्रजी प्रकरण तिसऱ्यांदा वाचलं. त्यात चेअरमन खरोखरच नव्हते.

आप्पासाहेबांनी तोवर शेवटचा उपाय योजला होता. "आज बोर्डावर मी स्वतः बसणार. गुन्हेगाराच्या जागी बसल्याशिवाय गुन्हा कळत नाही." त्यांनी केशरला उठवलं, कानाला यंत्र लावलं, आणि ते डोक्यावरच्या टोपीवरून नीट बसेना म्हणून टोपी माझ्या हातात दिली. तेवढ्यात ट्रंक कॉल आला. मुंबईहून चेअरमनसाहेब.

"कोणतं भोक?" आप्पासाहेबांनी केशरला विचारलं.

"वरच्या रांगेत डावीकडचं—"

"सांगू नका! निरीक्षणाने कळतं मला." त्यांनी पिन घेतली आणि खुपसली.

ती लागली उसाच्या वजनकाट्यावर. काट्यावरचा सोपान त्या वेळी गाडीवानांच्या गर्दीत होता. आम्हाला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

"कोण बोलतंय?" चेअरमनसाहेब.

"तू कोन बोलतो ते सांग आधी!" सोपान.

"मी चेअरमन बोलतोय."

"आरं जा! सकाळधरनं तिसरा चेअरमन हायेस तू. नंबराप्रमानं गाडी लाव, न्हाईतर ऊस इथंच वाळंल तुझा!"

फोन आपटल्याचा आवाज आला. बोर्डावरची चकती उघडली.

"पाहिलंत?" आप्पासाहेब विजयाने म्हणाले. "तुटला!"

केशर भिंतीला टेकून तोंडात पदराचा बोळा कोंबून हसत होती. मग एकाएकी ती हसायची थांबली. हाही फोन आपल्याच खात्यावर जमा होणार, हे तिला कळलं असावं.

सोमवार उजाडला. चेअरमनसाहेब पांढऱ्या गाडीतून आले. उत्तमरावसाहेबांच्या खोलीत सगळे खातेप्रमुख जमले. मला का बोलावलं होतं ठाऊक नाही. बहुधा आप्पासाहेबांनी सांगितलं असावं, की साहाय्यक लागतो. स्वतः आप्पासाहेब कपाटामागे होते. कपाट आणि भिंत यांच्यात ते जेमतेम मावले होते, आणि त्यांच्या कोटाचं टोक सगळ्यांना दिसत होतं.

इथे खोलीचं थोडं वर्णन करायला हवं. दिवाळीला ऑफिसला रंग दिला तेव्हा साहेबांचं मोठं टेबल भिंतीपासून पुढे ओढून खोलीच्या मधोमध आणलं होतं. मधोमध बसलं की साहेब जास्त साहेब दिसतात, असं सगळ्यांचं मत पडलं. टेलिफोनची तार मात्र होती तेवढीच राहिली. ती साहेबांच्या खुर्चीमागच्या भिंतीवरच्या लहानशा डबीतून निघून, गुडघ्याएवढ्या उंचीवरून अधांतरी टेबलापर्यंत येई. आम्ही सगळे टेबलाच्या अलीकडे उभे असायचो. तार पलीकडे. आमच्या आणि तारेच्या मधे साहेब. आणि साहेब असताना साहेबांच्या मागे काय आहे हे बघायची आमच्याकडे रीत नव्हती.

अकराच्या सुमारास फोन वाजला. उत्तमरावसाहेबांनी अदबीने खुर्ची मागे सरकवली आणि चेअरमनसाहेब तीत बसले. रिसीव्हर उचलला.

"हॅलो. कोण? मंत्रीसाहेबांच्या बंगल्यावरून?"

चेअरमनसाहेब ताडकन उभे राहिले. नुसते उभे नाही. डाव्या हातात त्यांनी अख्खा फोन उचलून घेतला, पूजेचं ताम्हन धरावं तसा, उजव्या हातात रिसीव्हर, आणि मान किंचित झुकलेली. "जी साहेब. नमस्कार साहेब. जी... हॅलो? हॅलो?"

तुटला.

कपाटामागे आप्पासाहेब श्वास घेताना ऐकू येत होते.

"त्या पोरीला बोलवा," चेअरमनसाहेब म्हणाले.

केशर आली. दारात उभी राहिली. तिने ताज्या इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. जायचंच तर नीट जावं, असं बहुधा ठरवून आली होती.

कपाटामागून आप्पासाहेब बाहेर पडले. टोपीला कोळिष्टकं लागलेली. "साहेब, सर्व दुवे जुळले आहेत," ते म्हणाले. "हेर निर्दोष आहे. म्हैस निर्दोष आहे. आता एकच संशयित उरतो."

"साहेब," केशर शांतपणे म्हणाली, "मी इथे उभी आहे, आणि बोर्डावर कुणी नाही. मंत्रीसाहेबांकडून परत फोन आला, तर तो घ्यायला तरी मला जाऊ द्या. मग मला घरी पाठवा."

चेअरमनसाहेबांनी तिला हातानेच जा म्हणून खुणावलं. ती धावत गेली.

याच वेळी मागच्या व्हरांड्याचं दार उघडून उत्तमरावसाहेबांच्या मंडळी आत आल्या. चांगुणाबाई. साहेब सकाळी डबा न घेता निघाले होते, तो घेऊन त्या बंगल्यावरून चालत आल्या होत्या. समोर चेअरमन पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आवाज न करता बन्सीच्या स्टुलावर टेकल्या. स्टूल खुर्चीच्या मागच्या बाजूला, भिंतीला लागून होतं.

फोन वाजला. चेअरमनसाहेबांनी घेतला. पुन्हा ताडकन उभे, पुन्हा डाव्या हातात फोन. "जी साहेब. मधे जरा लाइन—"

"अगं बया," चांगुणाबाई म्हणाल्या. "अवो, त्यांना खाली बसून बोला म्हनावं की! वायर बगा कशी ताणलीया. भितीतली ती डबी हातात यील न्हाईतर."

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं. तार कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताठ झाली होती, भिंतीवरची डबी एका खिळ्यावर लटकत होती, आणि चेअरमनसाहेब आदराने जरा पुढे झुकले की ती आणखी बाहेर येत होती.

"घरी बी ह्यांचं आसंच," चांगुणाबाई उत्तमरावसाहेबांकडे बोट दाखवून म्हणाल्या. "तुमचा फोन आला की जेवता जेवता ताटावरनं उठून उभे. खरकट्या हातानं. मी म्हनते, त्यांना काय दिसतंय व्हय तिकडनं?"

उत्तमरावसाहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. चेअरमनसाहेबांना काही ऐकू आलं नसावं, ते "जी, जी" करत होते. आता गुन्हेगार सापडला होता, उपायही साधा होता, फक्त तो करणारं कुणी नव्हतं. चेअरमनसाहेबांना 'बसा' म्हणणार कोण? मंत्र्यांशी बोलत असताना? चीफ इंजिनिअर चीफ अकाउंटंटकडे बघू लागले, चीफ अकाउंटंट छताकडे. डबीमागून मातीचा एक पोपडा खाली पडला. पुढचं 'जी साहेब' झालं असतं, तर तार निघाली असती, आणि जिन्याखाली चकती उघडली असती.

मी टेबलाला हात लावला. का लावला, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. इतकंच आठवतं, की माणसाला हात लावायची माझी हिंमत नव्हती, आणि टेबल हे टेबलच होतं. मी ते ढकललं. जड होतं, हललं नाही. मग बन्सीने खुर्ची मागून काढून घेतली आणि दुसऱ्या टोकाला खांदा लावला. टेबलाची कड चेअरमनसाहेबांच्या पोटाला टेकली. ते एक पाऊल मागे सरले. आम्ही आणखी ढकललं. "जी साहेब," ते म्हणाले, आणि आणखी एक पाऊल मागे गेले. मग उत्तमरावसाहेबही लागले, सगळे खातेप्रमुख लागले, आणि आमचे चेअरमन टेबल आणि भिंत यांच्या मधोमध, अत्यंत आदराने, पाठ भिंतीला टेकवून उभे राहिले. तार सैल पडली. फोन तुटला नाही.

ते पुष्कळ वेळ तसे उभे होते. अखेर त्यांनी रिसीव्हर ठेवला.

"काय म्हणाले मंत्रीसाहेब?" उत्तमरावसाहेबांनी विचारलं.

"ते नव्हते," चेअरमनसाहेब म्हणाले. "पी.ए. होता. साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या करतील म्हणाला." मग ते आपल्या पोटापाशी आलेल्या टेबलाकडे पाहू लागले. "हे टेबल कुणी ढकललं?"

टेबलावरचे सगळे हात एकदम मागे गेले.

"मी ढकलायला लावलं, साहेब," आप्पासाहेब म्हणाले. "तारेचा छडा लागल्यावर दुसरा इलाज नव्हता."

"शाबास," चेअरमनसाहेब म्हणाले.

"अन् त्या पोरीचं काय?" स्टुलावरून चांगुणाबाई म्हणाल्या.

भिंत आणि टेबल यांच्यात अडकलेल्या माणसाला फार मोठा आव आणता येत नाही. "राहू द्या तिला," चेअरमनसाहेब म्हणाले.

केशर राहिली. आप्पासाहेबांना शाल आणि नारळ मिळाला. मेहुण्यांच्या चिरंजीवांसाठी एक नवी जागा निघाली : टेबल जागेवरून हलत नाही ना, हे पाहायचं. आणि एक परिपत्रक निघालं, की वरिष्ठांशी बोलताना अधिकाऱ्यांनी भिंतीजवळ उभं राहावं. बसावं, असं लिहायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

हे इतकं जुनं प्रकरण आज पुन्हा का काढलं, तर काल नगरच्या स्टँडवर मला केशर भेटली. भावाला नोकरी लागली, तो पुण्याला असतो. उत्तमरावसाहेब निवृत्त होऊन चांगुणाबाईंसह गावी गेले. नवे जनरल मॅनेजर आले आहेत, आणि त्यांनी आल्याबरोबर टेबल पुन्हा खोलीच्या मधोमध आणवलं आहे.

"परत तुटायला लागले, काका," ती म्हणाली. "परत दोन मेमो. मला ठाऊक आहे कशाने तुटतात. पण मी कसं सांगू, की साहेब, तुम्ही उभे राहता म्हणून? तिसरा मेमो येईल, आणि तो शेवटचा असेल. नवे साहेब म्हणतात, मागे ज्या गुप्तहेरांनी शोधलं त्यांनाच कर्जतहून बोलवा. येत्या आठवड्यात बोलावणं जाईल. आप्पासाहेबांनी सांगितलं तर साहेब ऐकतील हो. फक्त त्यांना आठवत असलं म्हणजे झालं."

"त्यांना आठवणार नाही," मी म्हणालो. "त्यांना कळलंच नव्हतं."

"मग तुम्ही कळवा ना."

ती बसमध्ये चढली. मी घरी आलो, कार्ड पुढे घेतलं, आणि 'आदरणीय आप्पासाहेब' इतकं लिहून नेहमीसारखा अडलो. मग शेवटी पुढचं लिहिलं. चांगलं झालं की वाईट, मला सांगता येत नाही. पण झालं ते असं :

"आपलं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. तार आपण शोधली नव्हती. चांगुणाबाईंनी शोधली. आपल्याहून त्या हुशार होत्या असं माझं म्हणणं नाही, तसं म्हणण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही. मात्र त्या खोलीत बसलेल्या त्या एकट्याच होत्या. आपल्याला कारखान्यावरून बोलावणं येईल. तिथे गेल्यावर कृपया कपाटामागे जाऊ नये. साहेबांच्या खुर्चीमागे एक स्टूल आहे, त्यावर बसावं, आणि साहेबांचा फोन येऊन संपेपर्यंत उठू नये. जे दिसेल ते आपण शोधलं असं खुशाल सांगावं. पुस्तकात माझं नाव नसलं तरी चालेल. जागा उरल्यास केशर साळवे यांचं घालावं."

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेलो. कार्ड टाकलं. पेटीच्या तोंडावरची झापड खाली पडून मिटली. मी तिच्यापुढे हात जोडून उभा आहे, हे थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, आणि मी शेजारच्या पायरीवर बसलो.